लेकराचे ताट आधी मांडा, मग किराण्याची यादी करा

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री कशाला लागते, हे प्रत्येक भगिनीने एकदा आपल्याच घरात डोळसपणे पाहावे. फळ बहुधा आलेलेच नसते. मग अंडी बंद होतात. अर्धा लिटर दुधाचे पाव लिटर होते. डाळ पातळ होते. जिथे वाटीभर डाळ शिजत होती तिथे अर्धी वाटी शिजते आणि तिखट-मीठ वाढवून चव सांभाळली जाते. चहा, साखर, बिस्किटाचा पुडा आणि घरधन्याची तंबाखू यांना मात्र शेवटपर्यंत कुणी हात लावीत नाही. म्हणजे कपात होते ती नेमकी घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या वाढीची. आणि ते माणूस तक्रारही करीत नाही. दोन वर्षांचे लेकरू पुड्यासाठी रडेल, पण डाळ घट्ट का नाही असे कधी विचारणार नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमध्ये ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६ मुले वजनाने कमी आढळली. अंगात रक्त कमी असलेली मुले तर जवळजवळ ६९. ही सगळी चूल न पेटणाऱ्या घरांतली आहेत असे कुणी समजू नये. यांतल्या कितीतरी घरांत दोन वेळा स्वयंपाक होतो, पोटही भरते; पण ते भरते भाताने, चहाने आणि दुकानातल्या पुड्यांनी.

म्हणून किराण्याचा हिशेब करताना एक उलटी पद्धत धरावी असे सुचवावेसे वाटते. आपण काय करतो? आधी तांदूळ, गहू, तेल, साखर, चहापत्ती, साबण लिहितो आणि उरले तर मुलांना काही आणतो. ते उरत नाही. त्याऐवजी वहीचे पहिले पान लेकरांचे ठेवावे. त्यांना आठवडाभरात काय लागते ते आधी मांडावे, त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात मोठ्यांनी भागवावे.

समजा घरात दोन मुले आहेत, एक ४ वर्षांचे आणि एक दीड वर्षाचे. दोघांना रोज एकेक अंडे म्हटले तर आठवड्याला १४ अंडी. ७ रुपयांनी ९८ रुपये. रोज दोघांची मिळून ६० ग्राम डाळ, म्हणजे आठवड्याला ४२० ग्राम. किलोला १४० रुपये धरले तर सुमारे ६० रुपये. शेंगदाणे पाव किलो ३८ रुपये, गूळ पाव किलो १५ रुपये. रोज पाव लिटर दूध, आठवड्याचे ९८ रुपये. सात केळी ३५ रुपये आणि पालेभाजीच्या चार जुड्या ६० रुपये. बेरीज झाली ४०४ रुपये. महिन्याचे साधारण साडेसतराशे. भाव गावोगाव वेगळे असतात, तेव्हा आपल्या बाजारातले आकडे घालून ही बेरीज स्वतः करावी. एवढे जमत नसेल तर अंडे एक दिवसाआड करा, केळी कमी करा; पण डाळ आणि दाणे सोडू नका.

साडेसतराशे ऐकून कुणी म्हणेल, आमच्याकडे एवढा पैसा असता तर हा लेख वाचायची वेळ का आली असती! बरोबर आहे. पण मग हाही हिशेब करा. दोन मुलांना रोज १० रुपयांची एकेक पुडी म्हणजे महिन्याला ६०० रुपये. रोज ३० रुपयांची तंबाखू, बिडी किंवा सुपारी म्हणजे ९०० रुपये. दोन्ही मिळून दीड हजार तर इथेच झाले, आणि हे दीड हजार आपण कोणत्याच वहीत लिहिलेले नसतात. पुडीवरचे वजन वाचायची सवय लावून घ्यावी. १० रुपयांच्या पुडीत २५ ग्राम माल असेल तर त्याचा भाव किलोला ४०० रुपये झाला. ४०० रुपये किलोने आपण बटाट्याचे काप विकत घेतो आणि १४० रुपयांची डाळ महाग म्हणून पातळ करतो.

आता मोबाईलवर स्कॅन करून पैसे देण्याची सोय आली आहे. दहाची नोट मोडताना जे जाणवत होते ते आता जाणवत नाही. एक फायदा मात्र आहे : कुणाला कधी किती दिले ते मोबाईलमध्ये राहते. महिन्याच्या अखेरीस नवरा-बायकोने एकत्र बसून दोघांच्याही मोबाईलमधली ती यादी पाहावी. दोघांच्याही, हे महत्त्वाचे. बाईने जिऱ्या-मोहरीचा हिशेब द्यायचा आणि पुरुषाचा खर्च गुलदस्त्यात राहायचा, हे घर चालवणे नव्हे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी तो घरातला पैसा खातोच आहे, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

पुडी येते ती वेळ ओळखा

मुलाच्या हातात पुडी का येते? आईला माया नाही म्हणून नव्हे. लहान मुलाचे पोट वाटीएवढे. ते एका वेळी थोडे खाते आणि दोन-तीन तासांनी त्याला पुन्हा भूक लागते. दिवसातून चार-पाच वेळा त्याला काहीतरी लागते. मोठ्यांची जेवणे दोन. मधल्या वेळी, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, आई धुणीभांड्याला, बांधकामावर किंवा शेतात असते. घरी आजी किंवा मोठी बहीण असते. मूल रडायला लागले की दहा रुपये घेऊन दुकान गाठणे हाच त्यांच्या हातातला उपाय. म्हणून मुलाला रागावून किंवा आजीला बोल लावून काही होणार नाही. त्या दोन वेळांसाठी घरात डबा भरलेला असला पाहिजे.

डब्यात काय असावे? शेंगदाणे भाजून, कुटून, गूळ घालून केलेले लाडू आठ-दहा दिवस टिकतात. शेंगदाण्यात शंभर ग्रामला २५ ग्रामच्या आसपास प्रथिने असतात. फुटाण्याचे पीठ गूळ घालून कालवता येते. रात्री मटकी किंवा हरभरे भिजवून सकाळी घुगऱ्या शिजवून ठेवल्या तर मोठी मुले आवडीने खातात. उकडलेले अंडे तर सर्वांत सोपे. एका अंड्यात सहा ग्राम प्रथिने, आणि सोलून हातात दिले की झाले. सकाळच्या भाकरीत थोडे बेसन आणि पालेभाजी मिसळून धपाटे केले तर दुपारपर्यंत मऊ राहतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी : पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, अख्खा फुटाणा देऊ नये, तो घशात अडकतो. कुटूनच द्यावा. घुगऱ्याही कुस्करून द्याव्यात.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे, ती चहाची. दीड-दोन वर्षांच्या मुलाला बशीत चहा ओतून त्यात बिस्कीट किंवा खारी बुडवून देतात आणि मूल जेवत नाही म्हणून तक्रार करतात. गोड चहाने भूक मरते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोहही अंगाला नीट लागत नाही. घरात दूध अर्धा लिटर येत असेल तर आधी मुलाचा पेला भरून बाजूला ठेवावा, उरलेल्यात चहा करावा. पाहुण्यांना कोरा चहा दिला तर ते काही रागावत नाहीत. रागावलेच तर पुढच्या वेळी दूध घेऊन येतील!

अगदी तान्ह्या मुलाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त जीव तिथे वाया जातो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पावडरच्या दुधाचा डबा महाग असतो. तो पुरवून वापरायचा म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो, पाणी वाढते, मूल अर्धपोटी राहते. शिवाय बाटली नीट उकळली गेली नाही की हगवण सुरू होते आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच. बाळाच्या दुधाच्या आणि तयार बाळाहाराच्या जाहिराती करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच घातलेली नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करायचे. इथे घरोघरी "डाळीचे पाणी" देण्याची रीत आहे. शिजलेल्या डाळीवरचे पिवळे पाणी वाटीत काढून बाळाला पाजतात आणि खालची डाळ मोठी माणसे खातात. त्या पाण्यात फारसे काही नसते हो! डाळ खाली बसलेली असते. तीच डाळ भातात किंवा भाकरीत कुस्करून, चमच्यावरून घसरणार नाही इतकी घट्ट करून, वर अर्धा चमचा तेल किंवा तूप घालून बाळाला द्यावी. नाचणीची खीर द्यावी. नाचणीत शंभर ग्रामला साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास कॅल्शियम असते. चॉकलेटी पावडरीच्या बरण्यांत उंची वाढवण्याची जी आश्वासने असतात त्यांवर पैसे घालवू नका. अशा पेयांना आरोग्यपेय म्हणून विकू नका, असे २०२४ साली केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले आहे.

मांस-मासळीचे म्हणाल तर महाग वस्तूच हवी असे नाही. सुकट, जवळा पावसाळ्यापूर्वी घेऊन, चांगला वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर भाजी महाग झाली तेव्हा उपयोगी पडतो. भाजून, कुटून मुलाच्या भातात चिमूटभर घालता येतो. कोंबडीची कलेजी मांसापेक्षा स्वस्त मिळते आणि तिच्यात लोह भरपूर असते. पंधरा दिवसांतून एकदा लहान तुकडा मुलाला द्यावा. घोळ, तरोटा, शेवग्याचा पाला या भाज्या आपल्या आज्यांनी रानातून फुकट आणून घर जगवले. आता आपल्याच मुलांना त्या "गरिबाची भाजी" वाटतात. वर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगाला अधिक लागते.

कार्डावर लेकराचे नाव आहे का?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदय कार्डाला माणसे कितीही असली तरी ३५ किलो. या "दर माणशी"मध्ये तान्हे मूलही पूर्ण माणूस धरले जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर, बाळाचे नाव कुठेच नाही, असे कितीतरी घरांत आढळते. दीड वर्षाच्या मुलाचे नाव जन्मापासून चढवले नसेल तर आजवर ९० किलो धान्य हातचे गेले. जन्माचा दाखला, आईवडिलांचे आणि मुलाचे आधार घेऊन शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा आणि अर्जाची तारीख घातलेली पोच मागून घ्यावी. "कोटा शिल्लक नाही" असे उत्तर मिळाले तरी अर्ज परत घेऊ नये, पोच जपून ठेवावी. दुकानात अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते, ती हक्काने मागावी. पावतीवर २० किलो आणि पिशवीत १८ किलो असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर गेलेल्यांना तिथल्या रेशन दुकानातूनही आपल्या कार्डावर धान्य उचलता येते.

अंगणवाडीचेही तसेच. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्राम प्रथिनांचा आहार कायद्यातच लिहिलेला आहे. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी दिला जातो. तो घरी आला की सगळ्यांत वाटला जातो, किंवा चव नाही म्हणून बकरीपुढे जातो. तो त्या एका लेकराचा आहे. गूळ, दाण्याचा कूट घालून चव सुधारता येते. शाळेतल्या जेवणात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. कुणाच्या ताटात काय असावे हे कोण ठरवते, याचा विचार वाचकांनीच करावा. तोवर अंडे घरी उकडावे लागेल.

ज्या भगिनींच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात, त्यांनी ती रक्कम शक्यतो लेकरांच्या पानाला जोडावी. मात्र पैसे येण्याची तारीख धरून उधारी करू नये.

दुकानदाराचे खाते

ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याला महिन्याचा माल एकदम भरा असे सांगणे सोपे. रोजंदारीवाल्याने काय करावे? तो रोज १० रुपयांचे तेल आणि ५ रुपयांची साखर आणतो, आणि अशा सुट्या मालाला किलोच्या भावापेक्षा कितीतरी जास्त मोजतो. यातून एकदम सुटता येत नाही, पण एकेका जिनसाने सुटता येते. या आठवड्यात फक्त साखर एक किलो घ्यावी, बाकी नेहमीप्रमाणे. साखरेला रोज जाणारे पाच रुपये डब्यात टाकावेत. त्यातून पुढच्या पंधरवड्यात तेलाचे पाकीट. मग डाळ. तीन-चार महिन्यांत निम्मा किराणा सुट्याच्या बाहेर येतो. तेलाचे पाकीट घेताना आकारावर जाऊ नका. एक लिटर तेलाचे वजन ९१० ग्रामच्या आसपास भरते. तसेच दिसणारे दुसरे पाकीट ८५० ग्रामचे असू शकते.

उधारी असेल तर दुकानदाराच्या वहीबरोबर आपलीही एक छोटी वही असावी, आणि दोन्हींत त्याच वेळी आकडा पडावा. उधारीच्या दुकानात भाव विचारता येत नाही, हलका माल परत करता येत नाही. म्हणून निदान लेकरांच्या पानावरचा माल तरी रोखीने, दुसऱ्या दुकानातून घ्यावा. चार-पाच घरांनी मिळून १५ किलो तेलाचा डबा किंवा दाण्याचे पोते आणून वाटून घेतले तर बरेच वाचतात. विहारात महिला मंडळ जमतेच, तिथे हे ठरवता येईल. वर्षाचे धान्य भरण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे पावसात पाणी शिरते, तिथे पोते सडण्याचीच भीती. एप्रिल आणि जून हे दोन महिने जड जातात, एक जयंतीच्या आणि दुसरा वह्या-पुस्तकांच्या खर्चाने. त्यासाठी जानेवारीपासून वेगळी भिशी असावी, म्हणजे डाळीच्या पैशांना हात लागणार नाही.

काटकसरीचा विषय निघाला की आपल्यात माता रमाईचे नाव निघतेच. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला शिकत असताना रमाईने परळच्या चाळीत ज्या हलाखीत संसार ओढला तो आपण सर्वजण आदराने आठवतो. पण काही घरांत सासवा त्या कष्टांचा दाखला सुनेला देतात : रमाई उपाशी राहिली, तुला काय झाले शेवटी जेवायला? हे बरे नाही. रमाईची पाच लेकरे होती, त्यांतली चार लहानपणीच गेली. ती स्वतः १९३५ साली चाळिशीही न गाठता गेली. ती गरिबी लादलेली होती. सुनेने ती पुन्हा भोगावी म्हणून तिची आठवण काढायची नसते. अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त जेवण लागते. वहीच्या पहिल्या पानावर लेकरांच्या खाली तिचेही एक अंडे आणि एक वाटी घट्ट डाळ लिहावी, आणि तिने सगळ्यांबरोबर बसून जेवावे. तळाचे खरवडून खाणाऱ्या आईच्या अंगात रक्त नसेल तर पुढचे मूल जन्मतःच अशक्त निघते.

हिशेब जमला की नाही हे महिन्याला किती वाचले त्यावर ठरवू नका. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचे वजन होते. ते विचारून घ्या आणि त्याच वहीत, त्याच पानावर, तारखेसह लिहा. जन्माचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हावे लागते. त्यानंतर वाढ हळू होते, पण व्हायला हवी. लागोपाठ दोन महिने आकडा तिथेच असेल तर पुडी कुठून येते आणि डाळ कुठे जाते ते पाहा. अंगणवाडी ताईंकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते कुपोषणाच्या वाटेवर आहे. साडेअकराच्याही खाली असेल तर घरच्या लाडवांवर थांबू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहायला सांगतील. रोजी बुडते म्हणून नाही म्हणू नका. तिथे मुलाबरोबर राहणाऱ्या आईच्या जेवणाची सोय आणि बुडीत मजुरी मिळण्याची तरतूद आहे, ती भरती होतानाच विचारून घ्या.